दोरीपासून स्टिअरिंगपर्यंत

एसटीच्या जुन्या लाल गाडीला दोन दारं असायची. एक प्रवाशांचं. दुसरं उजव्या अंगाला, फक्त ड्रायव्हरचं. त्याची पायरी उंच, चढताना धरायला लोखंडी दांडी. कंडक्टर प्रवाशांच्या दारातून चढायचा आणि छताखालून गेलेली दोरी ओढून घंटी द्यायचा. एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला. दोरीचं एक टोक कंडक्टरच्या हाताशी, दुसरं ड्रायव्हरच्या डोक्याशी. मधलं अंतर फार तर पंचवीस-तीस फूट.

हे पंचवीस-तीस फूट पार करायला बायकांना किती वर्षं लागली, याचा हिशेब मी बराच काळ मांडते आहे. इतिहास हा माझ्या शिक्षणाचा विषय नाही. एका पतसंस्थेत जमाखर्च लिहिण्यात माझी नोकरी चालली आहे. वाचनालयात बसायची सवय मात्र जुनी, आणि घरी कात्रणांच्या सहा वह्या आहेत. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला एक खोड लागते. आकडा जुळला नाही, की तो उठत नाही.

न जुळणारा आकडा असा. लंडनमध्ये बाई बसची कंडक्टर झाली १९१५ साली, आणि लंडन ट्रान्सपोर्टची बस बाईनं चालवली १९७४ साली. मध्ये एकोणसाठ वर्षं. आपल्याकडे एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि एसटीच्या प्रवासी गाडीचं स्टिअरिंग बाईच्या हाती आलं २०२३ साली. पंचाहत्तर वर्षं. कारण विचारलं तर उत्तर दोन्हीकडे एकच मिळतं. बस जड असते, तेवढी ताकद बाईत नसते. हे उत्तर मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला आधी लंडनला जावं लागेल. तिथली दोन्ही टोकं तारखांसकट नोंदलेली आहेत. शिवाय आपल्याकडे पुढे ऐकू आलेल्या बहुतेक सबबी तिथं आधी वापरून झाल्या होत्या.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लंडनच्या बसगाड्यांवरचे पुरुष सैन्यात गेले. थॉमस टिलिंग या खासगी कंपनीनं नोव्हेंबर १९१५ मध्ये ३७ नंबरच्या मार्गावर बायका कंडक्टर म्हणून नेमल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मेडा व्हेल हे भुयारी रेल्वेचं स्टेशन उघडलं, तेव्हा तिथला सगळा कर्मचारीवर्ग बायकांचा होता. पुढच्या वर्षी लंडन जनरल या सर्वांत मोठ्या बसकंपनीनंही बायका घ्यायला सुरुवात केली. त्यांतल्या पुष्कळजणी आधी श्रीमंतांच्या घरी मोलकरणी होत्या. त्यांचे फोटो पाहिले, की पहिल्यांदा लक्ष जातं ते स्कर्टकडे. तो घोट्यापासून बराच वर घेतलेला आणि खाली चामड्याच्या पट्ट्या किंवा उंच बूट. कारण त्या काळच्या दुमजली बसचा जिना मागच्या बाजूला, बाहेर उघड्यावर असायचा आणि दिवसभर त्यावरून चढउतार. मोलकरणीच्या नोकरीत जिने कमी नव्हते, पण इथं पगार हातात येत होता आणि रात्री खोली आपली होती.

युनियननं बायकांना आत घेताना एक अट घातली होती. पुरुषांइतकाच पगार द्यायचा. यात बायकांबद्दलचा कळवळा किती, हे मी सांगायला नको. कमी पगारात बाई मिळते असं मालकाच्या लक्षात आलं, तर लढाईहून परतलेल्या पुरुषाला तो कशाला घेईल, ही भीती त्यामागे होती. पण हेतू काही असो, अट कागदावर होती आणि बायकांनी ती वाचली होती.

१९१८ च्या उन्हाळ्यात महागाईपोटी पुरुषांना आठवड्याला पाच शिलिंग जादा युद्धभत्ता मंजूर झाला. बायकांना नाही. ऑगस्टच्या मध्यावर विल्सडेन डेपोतल्या बायकांनी काम थांबवलं, युनियनच्या परवानगीची वाट न पाहता. एका डेपोतून दुसऱ्या डेपोत, बसवरून ट्रामवर, ट्रामवरून भुयारी रेल्वेवर असा संप पसरत गेला. लंडनबाहेर हेस्टिंग्ज, बाथ, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम इथंही गाड्या उभ्या राहिल्या. बायकांची मागणी दोन शब्दांत मावणारी होती. काम तेच, दाम तेच. पुष्कळ ठिकाणी पुरुषही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. महिना संपायच्या आत भत्ता मिळाला. समान वेतनाचं तत्त्व मात्र सरकारनं मान्य केलं नाही. त्यावर विचार करायला समिती बसवली. समितीवर बिअॅट्रिस वेब होत्या. इतर सदस्यांशी त्यांचं जमलं नाही, आणि १९१९ मध्ये अहवाल आला तेव्हा त्यांनी आपला वेगळा अहवाल जोडला. तोवर युद्ध संपलं होतं, पुरुष परतत होते, आणि ज्यांच्या भत्त्यासाठी एवढं झालं त्या बायकांच्या पिशव्या आणि बिल्ले परत घेतले जात होते.

या संपाची हकीगत मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा एक गोष्ट नजरेतून सुटली होती. वर्षभरानं पुन्हा वाचताना ती दिसली. या सगळ्या गदारोळात लंडनच्या बसवर बायका कंडक्टरच होत्या. शहरात ड्रायव्हर-कंडक्टर दोघांनाही पोलीस खात्याचा परवाना लागायचा. बाईला कंडक्टरचा मिळाला, पण बस चालवायला तिला कोणी बसवलं नाही. ग्लासगोत मात्र त्याच युद्धात बायका ट्राम चालवत होत्या. म्हणजे एकाच देशात, एकाच वेळी, एका शहरातली बाई अवजड ट्राम ओढू शकत होती आणि दुसऱ्या शहरातली बाई बस चालवू शकत नव्हती. ताकदीच्या उत्तराला पहिला तडा इथं जातो.

दुसरा तडा मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या बसवर बायका पुन्हा आल्या. तिकिटाला चिमट्यानं भोक पाडणारी म्हणून लोक तिला ‘क्लिपी’ म्हणत. या वेळी युद्धानंतर त्यांना घरी पाठवलं नाही, माणसंच मिळत नव्हती. त्याच युद्धात सैन्याच्या महिला तुकडीतल्या बायका ट्रक आणि रुग्णवाहिका चालवत होत्या, इंजिनं उघडून दुरुस्त करत होत्या. १९४५ मध्ये राजकन्या एलिझाबेथ, म्हणजे पुढे राणी झालेली, अशाच एका तुकडीत गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकली. म्हणजे राणी होणाऱ्या मुलीला लष्करी ट्रक चालवता येत होता आणि तिच्या राजधानीत बाईला बस चालवायची मुभा नव्हती. पुढे १९५६ मध्ये रूटमास्टर ही नवी दुमजली बस लंडनच्या रस्त्यावर आली. तिला पॉवर स्टिअरिंग होतं. हातांच्या ताकदीचा प्रश्न यंत्रानंच निकालात काढला होता. तरी बाई त्या सीटवर बसायला आणखी अठरा वर्षं गेली.

जून १९७४ मध्ये जिल व्हायनर या बाईनं नॉर्बिटन डेपोतून ६५ नंबरची बस काढली. लंडन ट्रान्सपोर्टची ती पहिली महिला ड्रायव्हर. तिला सीट मिळाली, कारण त्या वर्षी ड्रायव्हरांचा तुटवडा होता. लिंगभेदाविरुद्धचा ब्रिटिश कायदा त्याच्या पुढच्या वर्षीचा, १९७५ चा आहे. कायदा मागून आला, आधी माणसं कमी पडली.

लंडनच्या एकोणसाठ वर्षांचा जमाखर्च असा लागतो. तिथं ड्रायव्हर तयार करायची शाळा बसकंपनीचीच होती. कंडक्टर पुढे ड्रायव्हर व्हायचा, तो त्याच शाळेतून. शिडी होती, घरातच होती. दुसऱ्या पायरीवर बाईचा पाय पडू द्यायचा नाही, एवढंच ठरलेलं होतं.

आपल्याकडे कोडं वेगळं आहे. आपल्याकडे शिडी घराबाहेर होती.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या मामांचा ट्रक होता. माझा धाकटा भाऊ दहावीला नापास झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला गाडीवर घेतलं. किन्नर म्हणून. क्लिनरला आमच्याकडे किन्नरच म्हणतात. टायर ठोकून बघायचे, काच पुसायची, मागं उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचं, रात्री मालावर झोपायचं. वर्षा-दीड वर्षानं मोकळ्या रस्त्यावर मामा त्याच्या हाती स्टिअरिंग देऊ लागले. विसाव्या वर्षी त्याला अवजड वाहनाचा परवाना मिळाला, चोविसाव्या वर्षी तो नोकरीला लागला तेव्हा अनुभवाचा दाखला मामांनीच दिला. शेतातला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागं घ्यायला भावापेक्षा मला बरं जमायचं. हे तोही कबूल करतो, आजही. पण मला किन्नर म्हणून ट्रकवर घ्या, असं म्हणायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. दहावीला मला बहात्तर टक्के होते. मी बँकेच्या परीक्षांना बसले.

सरकारी बससेवेत ड्रायव्हर भरती होतो तो बहुतेक तयार होऊन आलेला. हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर हाती असल्याशिवाय प्रवासी किंवा मालवाहू गाडी शिकायचा परवाना मिळत नाही, असं १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. त्यात वाईट काही नाही. पण त्यावर भरतीच्या जाहिरातीत अवजड वाहन चालवल्याचा काही वर्षांचा अनुभव मागितला जातो. माझ्या वहीतल्या जाहिरातींत ‘फक्त पुरुष’ असं लिहायची गरजच पडलेली दिसत नाही. अनुभव या एका शब्दानं ते काम केलं. तो अनुभव मिळणार ट्रकवर, ट्रकवर जायची वाट किन्नरच्या जागेतून, आणि ती जागा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची.

ताकद आणि शिडी यांतलं खरं कारण कोणतं, हे तपासायला आपल्याकडे एक सोयीचं उदाहरण आहे. रेल्वेचं. बसपेक्षा कितीतरी जड इंजिन, आणि तरी तिथं बाई आधी पोचली. साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबातल्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलची पदविका घेतली, रेल्वेची परीक्षा दिली आणि १९८९ मध्ये त्या सहायक चालक म्हणून रुजू झाल्या. त्यांना इंजिन चालवल्याचा आधीचा दाखला कोणी मागितला नाही, मागूच शकत नव्हतं. घरी इंजिन कोणाकडे असतं? रेल्वे आपले चालक आपणच घडवते. आधी सहायक, मग मालगाडी, मग प्रवासी गाडी. परीक्षेचा फॉर्म भरायला बाईला आडकाठी नव्हती, आणि एकदा पहिल्या पायरीवर पाय ठेवला की पुढची पायरी नियमानं समोर येत होती. २००० साली त्यांनी मुंबईत महिला विशेष लोकल चालवली. ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून डेक्कन क्वीन घेऊन त्या बोरघाट उतरल्या. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. २०२५ च्या सप्टेंबरअखेर त्या निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षांची नोकरी. घाटातल्या उताराला ताकद लागते म्हणणाऱ्यांनी त्या गाडीच्या ब्रेकचा विचार करावा.

तामिळनाडूची कथा याला पूरक आहे. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एम. वसंतकुमारी १९९३ मध्ये सरकारी बससेवेत ड्रायव्हर म्हणून लागल्या आणि २०१७ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांनी अवजड वाहनाचा परवाना स्वतःच्या हिमतीवर आधीच काढलेला होता. म्हणजे बाहेरची शिडी त्या एकट्यानं चढल्या आणि वर पोचून दार वाजवलं. दिल्लीच्या बससेवेत पहिली महिला ड्रायव्हर आली त्यानंतर बावीस वर्षांनी, २०१५ मध्ये, आणि तीही तेलंगणातून आलेली. दरवेळी वृत्तपत्रांत ‘पहिली’ हा शब्द ठळक. माझ्या वह्यांत या ‘पहिल्या’ बायकांची कात्रणं पुष्कळ आहेत. दुसऱ्या बाईचं कात्रण शोधायला बसले, की वाचनालयाची वेळ संपते.

आता एसटीकडे. १९९४ साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं, देशात पहिलंच. सरकारी नोकऱ्यांत बायकांना तीस टक्के आरक्षण मिळालं, आणि आज एसटीत महिला कंडक्टर हजारोंनी आहेत. खेड्यात कंडक्टरला ‘मास्तर’ म्हणायची पद्धत. बाई कंडक्टर आली तेव्हा तिला काय म्हणावं हे कोणाला कळेना, कारण ‘मास्तरीणबाई’ शाळेत आधीच होती. आमच्या मार्गावर काही दिवस ‘अहो ताई’ चाललं, मग ‘मॅडम’ झालं. मॅडमनी दोनदा दोरी ओढली की गाडी निघायची, कोणी काही म्हटलं नाही. कंडक्टरच्या भरतीला परीक्षा होती, बिल्ला होता, पण किन्नरपणाचा दाखला नव्हता.

ड्रायव्हरच्या जागा बायकांनी भरायच्या तर अटीच बदलाव्या लागतील, हे एसटीनं २०१९ च्या भरतीत प्रत्यक्ष करून दाखवलं. बायकांसाठी उंचीची अट खाली आणली, अवजड वाहनाच्या अनुभवाऐवजी हलक्या वाहनाचा परवाना चालेल असं ठरवलं, आणि पुढचं शिक्षण महामंडळानं द्यायचं ठरवलं. रेल्वेची पद्धत झाली ही. ऑगस्ट २०१९ मध्ये माजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते प्रशिक्षणाची सुरुवात झाली. निवडलेल्या बायका दीडशेहून अधिक होत्या, त्यांत आदिवासी भागातल्याही होत्या. अट शिथिल केली म्हणून तेव्हा नाकं मुरडणारे मला भेटले. त्यांना मी एवढंच विचारत असे, की तुम्हाला पहिल्यांदा स्टिअरिंग कोणी दिलं? मामा, काका, वडील, शेजारचा ड्रायव्हर. प्रत्येकाकडे कोणी ना कोणी निघायचा. त्यांना घरी मिळालेली शिथिलता होती ती, या बायकांना महामंडळाकडून मिळाली.

मग टाळेबंदी आली, गाड्या आगारात उभ्या राहिल्या. त्यातून सावरायच्या आत नोव्हेंबर २०२१ पासून एसटीचा संप, तो पुढच्या एप्रिलपर्यंत. निवडल्या गेलेल्या बायकांची चार वर्षं अशी गेली. या चार वर्षांत कोणाचं लग्न झालं असेल, कोणाला मूल झालं असेल, कोणी दुसरं काम धरलं असेल. भरतीच्या यादीत त्याची नोंद नसते. अखेर २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सासवड आगारातून एक महिला चालक प्रवासी घेऊन नीरेकडे निघाली. तेव्हाचं कात्रण माझ्या सहाव्या वहीत आहे. फोटोत ती खाकी गणवेशात आहे आणि ड्रायव्हरच्या दारातून, त्या उंच पायरीवरून वर चढते आहे.

इथं हिशेब जुळला असं वाटलं होतं. पण परवाना आणि अनुभव यांपलीकडे आणखी एक रकाना उरतो, रात्रीचा. १९४८ च्या कारखाने कायद्यानं संध्याकाळी सात ते सकाळी सहा बाईला कामावर ठेवायला बंदी घातली होती. तशी बंदी एसटीच्या ड्रायव्हरलाही असेल, अशी माझी समजूत होती. म्हणून मी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा मिळवून कलमावार वाचला. आठ तासांचं काम, विश्रांती, गणवेश, उपाहारगृह, अल्पवयीन मुलाला रात्री कामावर न ठेवणं, सगळं त्यात होतं. बाईला रात्री गाडीवर पाठवू नये, असं कलम नव्हतं. कायदा लिहिणाऱ्यांना तिला बंदी घालायचीही गरज भासली नसावी. ती तिथं येईल असं त्यांच्या ध्यानीमनीच नव्हतं, असा अर्थ मी लावते. त्याच कायद्यात, जिथं कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो तिथं विश्रांतीची खोली असावी, असंही म्हटलं होतं.

एसटीचा निम्मा संसार मुक्कामी गाड्यांवर चालतो. रात्री शेवटच्या गावात थांबायचं, पहाटे कॉलेजची मुलं आणि दुधाचे कॅन घेऊन निघायचं. ड्रायव्हर-कंडक्टरपैकी एक जरी बाई असली तरी ती झोपणार कुठे, हा प्रश्न आगारात ड्यूटी लावणाऱ्याला रोज सोडवावा लागतो. सोपं उत्तर म्हणजे तिला दिवसाची, जवळची फेरी द्यायची. तिची सोय होते, मुक्कामाचा भत्ता पुरुषांकडे जातो, आणि ते कुरकुरतात की अवघड ड्यूट्या आमच्याच वाट्याला. दोघांचंही म्हणणं खरं असतं. १९१८ च्या लंडनच्या बायकांना पाच शिलिंगांचं गणित चांगलं कळत होतं. त्यांना हेही कळलं असतं.

आमच्या गावाला मुक्कामी गाडी अजून येते. रात्री नऊच्या सुमाराला पारापाशी लागते. ड्रायव्हर आणि कंडक्टर उन्हाळ्यात गाडीच्या टपावर झोपतात, एरवी गावानं दिलेल्या एका खोलीत. या वर्षी संक्रांतीला गेले होते, तेव्हा ती खोली बघून आले. दहा बाय दहाची, पत्र्याची, दोन लोखंडी खाटा, एक माठ, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. संडास शाळेच्या मागं, दीडशे पावलांवर. दाराला कडी आहे, बाहेरून. आतून लावायची कडी कुठे आहे, म्हणून मी किल्ली घेऊन आलेल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “आतनं कशाला लागतीय, काकी? गडीच तर असत्यात.”